छातीत हवा दिसली, पण ती जठरातली होती

लहान मुलांच्या ऑपरेशनांबद्दल वाचक जे विचारतात त्याला या सदरात मी उत्तरं देतो. यावेळची पाचही पत्रं एकाच आजाराभोवती फिरतायत, श्वासपटलातला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातला, जन्मजात हर्निया जो जन्मल्या जन्मल्या न कळता महिन्यांनी, कधी वर्षांनी कळतो. पहिलं पत्र मोठं आहे, पण ते जवळपास पूर्ण देतोय कारण त्यातली प्रत्येक ओळ कामाची आहे.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. महिनाभर खोकला होता, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. मग एका रात्री उलट्या सुरू झाल्या, आधी दूध पडलं आणि नंतर नुसतीच उबळ येत होती पण बाहेर काही पडेना, पहाटे तर ती धापा टाकायला लागली. हॉस्पिटलमध्ये एक्सरे काढला, डाव्या बाजूला छातीत हवा भरलीय, फुप्फुसातून हवा लीक झालीय, छातीत नळी टाकावी लागेल असं सांगितलं, आमची सही पण घेतली. तेवढ्यात एक सीनियर मॅडम आल्या, त्यांनी एक्सरे बघितला आणि म्हणाल्या थांबा, आधी नाकातून राइल्स ट्यूब (जठरापर्यंत जाणारी नळी) घाला. ती घातल्यावर भसाभस हवा आणि दूध बाहेर आलं आणि थोड्या वेळात तिचा श्वास बराच शांत झाला. परत एक्सरे काढला तर नाकातून घातलेली नळी छातीत वेटोळं करून बसली होती! त्याच दिवशी ऑपरेशन झालं, आता ती छान आहे. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. प्रेग्नन्सीतल्या सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल होत्या, ती 5 महिन्यांची असताना एकदा छातीचा एक्सरे काढला होता तोही नॉर्मल. मग हे आलं कुठून? आमचं काही चुकलं का? — एक आई

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, तुमचं काहीही चुकलं नाही. तुम्ही खाल्लेल्या कुठल्या गोष्टीने, उचललेल्या वजनाने किंवा तिला कसं धरलं, कसं पाजलं यामुळे हे झालेलं नाही. ते भोक तुमच्या मुलीबरोबरच जन्माला आलं होतं.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमटासारखा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. गर्भात हा पडदा चार वेगवेगळ्या भागांपासून तयार होतो आणि साधारण 8 ते 10 आठवड्यांच्या सुमाराला ते भाग एकमेकांना जोडले जाऊन मधल्या फटी बुजतात. एखादी फट बुजायची राहिली, बहुतेक वेळा डावीकडे मागच्या बाजूला, की जन्मभराचं भोक राहतं. त्या जागेच्या हर्नियाला बोखडालेक हर्निया म्हणतात, 1848 साली ज्याने त्याचं वर्णन केलं त्याच्या नावाने. एकूण बघितलं तर दर अडीच-तीन हजार जन्मांमागे एका बाळाला असा काहीतरी दोष असतो आणि त्यातली बहुतेक बाळं जन्मतःच श्वासाच्या त्रासाने कळतात, कारण आतडी गर्भातच छातीत जाऊन बसतात आणि त्या बाजूचं फुप्फुस वाढतच नाही. पण काही मुलांमध्ये, वेगवेगळ्या नोंदींमध्ये हा आकडा 5 ते 25 टक्के असा येतो, पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही. तुमची मुलगी त्यातली.

आता नॉर्मल सोनोग्राफी आणि नॉर्मल एक्सरेचं कोडं. भोक असणं वेगळं आणि त्यातून काहीतरी वर जाणं वेगळं. अशा मुलांमध्ये भोक लहान असतं किंवा त्याला बूच बसल्यासारखं असतं, कधी प्लीहा तिथे टेकून असते, उजवीकडे असेल तर लिव्हर, कधी एखादी पातळ पिशवी असते. बूच जागेवर आहे तोपर्यंत सोनोग्राफीवाल्याला काय दिसणार, पोटातलं सगळं पोटातच आहे ना! 5 महिन्यांच्या वयात काढलेला एक्सरेसुद्धा त्या दिवशीचा खराच होता, तो कुणी चुकीचा वाचला असं धरून बसू नका. मग पुढे कधीतरी पोटातला दाब वाढतो, जोराचा खोकला, खूप रडणं, उलट्या, कुंथणं, कधी पोटावर मार, आणि एक दिवस जठर किंवा आतडं त्या भोकातून वर सरकतं. कधी कधी ते आपोआप खाली पण येतं, म्हणून काही मुलांना महिनोन्महिने येऊन-जाऊन त्रास असतो, मधूनच पोटदुखी, मधूनच उलटी, वजन वाढत नाही, सारखं छातीत इन्फेक्शन, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरकडे नेईपर्यंत मूल खेळायला लागलेलं असतं.

त्या रात्री तुमच्या मुलीचं जठर वर गेलं आणि वळणात अडकलं. रडणारं, धापा टाकणारं मूल खूप हवा गिळतं. ती हवा जठरात शिरते पण अन्ननलिकेशी मुरड पडल्यामुळे ढेकर येऊन बाहेर पडत नाही, पुढे आतड्यातही जात नाही, म्हणजे एकाच बाजूने उघडणाऱ्या दारासारखं होतं, आणि छातीत बसलेलं जठर फुगत जातं. ते डावं फुप्फुस दाबतं, मग हृदयाला उजवीकडे ढकलतं, मग हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि बीपी पडायला लागतं. काही तासात मूल हातचं जाऊ शकतं हे खरं आहे, आणि नळीतून हवा निघाल्याबरोबर श्वास शांत होतो हेही तितकंच खरं आहे, तुम्ही दोन्ही बघितलंत. त्या सीनियर मॅडमनी जे केलं ते शब्दशः जीव वाचवणारं होतं. छातीत नळी टाकायला निघालेल्या डॉक्टरांवर मात्र फार राग धरू नका असं मी म्हणेन, हा एक्सरे भल्याभल्यांना फसवतो, पुढच्या पत्राच्या उत्तरात ते लिहिलंय.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असेल. पुढच्या बाळाला असं होण्याची शक्यता, जर हा दोष एकटाच असेल आणि घरात आणखी कुणाला नसेल तर, साधारण 2 टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे बहुतेक वेळा होत नाही. पुढच्या प्रेग्नन्सीत सोनोग्राफी करणाऱ्यांना ही हिस्ट्री आधी सांगा, म्हणजे ते छाती-पोट जास्त वेळ देऊन बघतील.

प्रश्न : सर, मी बालरोग विभागात शिकतोय, रात्रीच्या ड्युटीला एकटा असतो. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसातून लीक होऊन छातीत साठलेली हवा) आणि छातीत आलेलं जठर यात एक्सरेवर फरक कसा ओळखायचा? आणि मूल समोर निळं पडत असेल तर आधी काय करायचं, वेळ तर नसतोच. — एक निवासी डॉक्टर

उत्तर : डॉक्टर, हे विचारलंत त्याबद्दल खरंच बरं वाटलं. मी शिकत असताना एका अडीच वर्षांच्या मुलाला आयसीडी, म्हणजे छातीतली नळी, टाकायला हात धुवून उभा होतो. डावीकडे आवाज नाही, हृदयाचा ठोका उजवीकडे सरकलेला, एक्सरेत काळी पोकळी, सगळं न्यूमोथोरॅक्सचं. ड्युटीवरच्या सिस्टर मुलाचा शर्ट वर करत म्हणाल्या, सर याचं पोट एवढं खपाटीला का गेलंय? धाप लागलेल्या मुलाचं पोट सहसा फुगलेलं असतं, हवा गिळून गिळून. याचं आत गेलेलं होतं कारण पोटात असायचं ते पोटात नव्हतंच. मी थांबलो. ती नळी मी टाकली असती तर जठर फोडलं असतं, जठरातलं सगळं छातीत सांडलं असतं, आणि वाचू शकणारं मूल सेप्सिसमध्ये, म्हणजे अंगभर पसरलेल्या इन्फेक्शनमध्ये, गेलं असतं. तेव्हापासून कुठल्याही मुलाची छाती तपासताना मी आधी पोट बघतो.

एक्सरे वाचताना घाई असली तरी चार गोष्टी बघायला अर्धं मिनिट पुरतं. डावं श्वासपटल सलग रेषेत दिसतंय का, की मध्येच हरवलंय? जठराची हवा डाव्या बरगड्यांखाली तिच्या जागेवर आहे का? न्यूमोथोरॅक्समध्ये ती तिथे असते, यात नसते, आणि पोटात एकूणच वायू कमी दिसतो. तिसरं, दाबलेलं फुप्फुस कुठे गेलंय, न्यूमोथोरॅक्समध्ये ते चारी बाजूंनी आकसून मधल्या मुळाशी गोळा होतं, यात ते वर आणि आतल्या बाजूला ढकललेलं असतं आणि टोकाला, गळपट्टीच्या हाडाजवळ, फुप्फुसाची नक्षी अजून दिसते. चौथं, त्या काळ्या पोकळीला स्वतःची गोलसर भिंत आहे का, आत पाण्याची आडवी पातळी आहे का, भिंतींनी वेगवेगळे केलेले बुडबुडे आहेत का. बुडबुडे असतील तर आतडी असतात आणि तो एक्सरे कित्येकदा न्यूमोनियाच्या पोकळ्या किंवा फुप्फुसातल्या जन्मजात गाठी म्हणून वाचला जातो. जठरात पाणी जास्त असेल तर पांढरं दिसतं आणि प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी, म्हणून सुई घातली जाते, तेही तितकंच वाईट.

आणि एक्सरेच्याही आधी हिस्ट्री. मार नाही, दम्याचा अटॅक नाही, आणि श्वासाच्या आधी उलट्या सुरू झाल्या होत्या, एवढ्यावर माझ्या मनात घंटा वाजते. नुसती कोरडी उबळ, पोटाच्या वरच्या भागात फुगारा किंवा दुखणं, आणि राइल्स ट्यूब पुढे जात नाही, ही त्रयी जठराला पीळ बसल्याची, बोर्खार्टने 1904 साली सांगितलेली. फक्त जठर छातीत असेल तेव्हा वरचा फुगारा पोटावर दिसेलच असं नाही हे ध्यानात ठेवा. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून गुडगुड ऐकू आली तर उत्तमच, पण नाही आली म्हणून काही नाकारू नका.

आता आधी काय. शंका आली की राइल्स ट्यूब, वयाला चालेल तितकी जाड, कारण बारीक नळी दुधाच्या गुठळ्यांनी बंद पडते. घालायला मिनिटभर लागतं. जोर लावायचा नाही. गेली की सिरिंजने ओढून जठर रिकामं करा, नळी उघडी ठेवा आणि मग एक्सरे पुन्हा काढा, नळीचं टोक छातीत दिसलं की निदान तिथेच झालं. त्याचवेळी मास्कने ऑक्सिजन, डोक्याकडची बाजू उंच, मुलाला सपाट आडवं पाडायचं नाही, शिरेतून सलाईन, बीपी पडलं असेल तर किलोमागे 10 मिली देऊन परत बघायचं. अँबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) मास्कवरून हवा मारणं शक्यतो टाळा, प्रत्येक दाबाबरोबर काही हवा जठरात जाते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने तो फुगा फुगवत असता. श्वासाला मदत लागणारच असेल तर जो सगळ्यात अनुभवी आहे त्याने सरळ श्वासनलिकेत ट्यूब टाकावी, आणि भूल देणाऱ्यांना आधी फोन करून सांगा म्हणजे ते नायट्रस ऑक्साइड वापरणार नाहीत, तो वायू बंद पोकळीत शिरून ती आणखी फुगवतो.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, मूल समोर कोसळतंय. मार लागलाय, किंवा व्हेंटिलेटरवर असताना एकदम बिघडलं, आणि बाकी सगळं टेन्शन न्यूमोथोरॅक्सचंच (साठलेल्या हवेचा दाब वाढत जाऊन हृदय ढकललं जातं तो प्रकार) दिसतंय तर सुई घालायला थांबू नका, तिथे उशीर म्हणजे मृत्यू. पण आधी ठणठणीत असलेलं लहान मूल, उलट्या झालेल्या, पोट खपाटीला, डावी बाजू, तर पहिला हात राइल्स ट्यूबला. ती जातच नाहीये, पीळ घट्ट आहे आणि हृदय थांबायच्या बेतात आहे, अशा वेळी छातीतून सुई घालून जठरातली हवा काढून जीव वाचवल्याच्या नोंदी आहेत, पण तो शेवटचा उपाय, जठराला भोक पडणार हे माहिती असून, अँटिबायोटिक सुरू करून आणि सर्जन ऑपरेशन थिएटरकडे निघालेले असताना करायचा. आयसीडी मात्र नाही.

मूल स्थिर झालं आणि तरी शंका असेल तर नळीतून कॉन्ट्रास्ट (एक्सरेवर उठून दिसणारं औषध) घालून एक्सरे किंवा सीटी. सोनोग्राफी पण चांगली मदत करते, विशेषतः उजवीकडे लिव्हर वर गेलंय का बघायला. अस्थिर मुलाला सीटीच्या मशीनवर आडवं झोपवायला नेऊ नका, त्या मुलाचं हृदय स्कॅनमध्येच बंद पडू शकतं.

प्रश्न : माझ्या नातवाचं असंच ऑपरेशन झालं. सून म्हणते मी त्याला फार रडू दिलं म्हणून पडदा फाटला. शेजारच्या मुलाला बेंबीचा हर्निया आहे तो म्हणे आपोआप बरा होतो, मग याला कापायची काय गरज होती? — एक आजी

उत्तर : आजी, रडण्याने पडदा फाटत नाही. फट आधीपासून होती, रडताना त्यातून आतडं वर गेलं असेल एवढंच, आणि ते त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी खोकताना गेलं असतं. हे सूनबाईंना माझ्या नावाने वाचून दाखवा, घरात या गोष्टीवरून कुणी कुणाला बोल लावू नये असं मला मनापासून वाटतं. बेंबीचा हर्निया वेगळा, तिथली रिंग बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर बंद होते आणि आत आतडं अडकणं दुर्मिळ असतं. श्वासपटलातली फट आपोआप बुजत नाही. आत अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाला तर ते काही तासात काळं पडतं. म्हणून कापलं, आणि बरं केलं.

प्रश्न : आमच्या 3 वर्षांच्या मुलाचा दुसऱ्याच कारणासाठी एक्सरे काढला, त्यात उजवीकडे हृदयाशेजारी सावली दिसली, सीटी केला तर मॉर्गाग्नी हर्निया निघाला. त्याला काहीच त्रास नाही. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या, घरचे म्हणतात त्रास नाही तर सुरी कशाला लावायची. — एक वडील

उत्तर : दादा, करून घ्या. घाईने आज रात्रीच नाही, पण वर्षानुवर्षं ढकलू पण नका. मॉर्गाग्नी हर्निया पुढच्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडामागे असतो, या सगळ्या जन्मजात हर्नियांमध्ये तो 2 ते 5 टक्केच, आणि बहुधा उजवीकडे. त्यातून मोठं आतडं किंवा चरबीचा पडदा वर जातो आणि कित्येक मुलांना खरंच काही त्रास नसतो. पण आतडं कधी अडकेल हे कुणीच सांगू शकत नाही. आज मूल ठणठणीत असताना दुर्बिणीतून, तारीख ठरवून केलेलं ऑपरेशन आणि उद्या रात्री काळं पडलेलं आतडं कापून काढायचं ऑपरेशन, यातलं पहिलं मी माझ्या स्वतःच्या मुलासाठी निवडीन. या हर्नियाबरोबर हृदयाचे जन्मजात दोष आणि डाऊन सिंड्रोम जास्त आढळतात, म्हणून ऑपरेशनआधी हृदयाची इको (सोनोग्राफी) झाली नसेल तर करायला सांगा. तारीख मिळेपर्यंत सारख्या उलट्या, पोट फुगणं, शी बंद होणं, श्वास जोरात चालणं यातलं काहीही झालं तर घरी वाट बघायची नाही, आणि दारातल्या पहिल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की याला श्वासपटलाचा हर्निया आहे. सीटीचा रिपोर्ट फोनमध्ये ठेवा, आजी-आजोबांच्या फोनमध्ये पण.

प्रश्न : मुलाचं ऑपरेशन 11 महिन्यांचा असताना झालं, पोटातून केलं, आता तीन आठवडे झालेत. टाके आतून सुटतील का? डावं फुप्फुस कायमचं लहान राहील का? किती वर्षं दाखवायला जायचं? — एक आई

उत्तर : ऑपरेशनमध्ये आम्ही वर गेलेले अवयव हळूहळू खाली ओढून आणतो, आतड्याचा रंग बघतो, आतडी पोटात नीट वळणावर आहेत का तेही बघतो, कारण या मुलांमध्ये आतड्यांची जागाच चुकलेली असू शकते, आणि पोटातून करायचा हाच मोठा फायदा. मग भोकाच्या कडा न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतो. उशिरा कळलेल्या मुलांमध्ये भोक बहुधा कडा जुळतील इतपत असतं, फारच मोठं असेल तर कृत्रिम कापडाचं ठिगळ लावावं लागतं. ठिगळ लावलेल्यांमध्ये हर्निया पुन्हा होण्याची शक्यता जास्त, नुसतं शिवलंय त्यांच्यात कमी, पण शून्य नाही. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर कुठलं केलं ते लिहिलेलं असेल, नसेल तर विचारून लिहून घ्या.

फुप्फुसाची काळजी तुलनेने कमी करा. नवजात बाळांना जो जीवघेणा प्रश्न येतो तो न वाढलेल्या फुप्फुसांचा आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या जास्त प्रेशरचा असतो. तुमच्या मुलाचं फुप्फुस गर्भात बऱ्यापैकी वाढलेलं होतं, नंतर फक्त दाबलं गेलं, आणि दाबलेलं फुप्फुस उलगडतं. काहींचं ऑपरेशननंतर काही दिवसातच एक्सरेवर पूर्ण भरलेलं दिसतं, काहींना जास्त वेळ लागतो. वेळेत निदान झालं तर यातली बहुतेक सगळी मुलं वाचतात आणि बाकीच्या मुलांसारखीच धावतात.

दाखवायला मात्र या. सुरुवातीला महिन्याने, मग तीन, सहा महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा, वजन-उंची आणि गरज वाटली तर एक्सरे. छातीत जळजळ, दूध सारखं वर येणं हे काहींना होतं, त्यावर औषध आहे. पण हिरवी उलटी झाली तर ती वेगळी गोष्ट, पोटाचं ऑपरेशन झालेल्या मुलात आतडी चिकटून अडकू शकतात, आणि ते वर्षांनी पण होऊ शकतं. हिरवी उलटी म्हणजे रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, आणि निघताना डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्यायचं.